मानेचा रकाना

बबनअण्णा टेलरांना माणूस समोरून ओळखू येत नाही. रस्त्यात नमस्कार केला, तर ते कोऱ्या भिंतीकडे बघावं तसं आपल्याकडे बघतात आणि "कोन पावणं?" म्हणतात. आपण चरफडत दोन पावलं पुढे गेलो, की मागून हाक येते, "आरं, तू व्हय! मंग आधीच वळायचं न्हाई का!" चेहरा हा त्यांच्या लेखी माणसाचा बिनकामाचा भाग. त्याला माप नसतं. मान दिसली, की मात्र नाव, गाव, गळ्याचा घेर आणि मागच्या दिवाळीला शिवलेल्या शर्टाचा रंग त्यांना एका दमात आठवतो.

घोडेगावात त्यांच्या दुकानाला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मध्ये पत्र्याची भिंत. गेली पंधरा वर्षं त्यांचं शिलाई मशीन माझ्या कानात चालतंय आणि माझ्या मशीनचा उजेड पत्र्याच्या फटीतून त्यांच्या डोळ्यांत जातोय, असं त्यांचं म्हणणं. मला ते नावानं हाक मारत नाहीत. मी 'झेरॉक्स' आणि माझी बायको 'झेरॉक्सवैनी'. एकदा माझे वडील दुकानात आले, तर अण्णांनी हात जोडून त्यांना स्वतःची खुर्ची दिली आणि म्हणाले, "बसा, बसा. म्हंजी ओरिजनल तुमी." वडील निरगुडसरला घरी पोचेपर्यंत हसत होते.

अण्णांकडे शर्ट शिवायला टाकायचा, तर आधी मानेची तपासणी होते. कापड राहतं बाजूला. गिऱ्हाइकाला रस्त्याकडे तोंड करून उभं करायचं, "मान खाली" म्हणायचं, दोन बोटांनी कॉलर मागे ओढायची आणि मोबाइलचा उजेड पाडून केसांच्या रेषेपासून खांद्यापर्यंत सावकाश बघायचं. समोरून तहसील कचेरीत जाणारी माणसं जातायत, एसटीची वाट बघणाऱ्या बाया टक लावून बघतायत, आणि हा बिचारा पकडून आणल्यासारखा मान खाली घालून उभा. मग अण्णा निकाल देतात, तोही पलीकडच्या हॉटेलात भजी तळणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात. "मागं पाच पुटकुळ्या हायत. दोन पिकल्यात. तेल कोनतं लावतो?"

नवरदेव आहे, सासरची माणसं बरोबर आहेत, असल्या गोष्टींनी त्यांना काही फरक पडत नाही. दोन-तीन लग्नं केवळ नशिबानं टिकली आहेत.

मापाची त्यांची एक लांबडी वही आहे. छाती, खांदा, बाही, उंची, गळा असे रकाने, आणि शेवटी अण्णांनी स्वतः पट्टी धरून आखलेला एक जादा रकाना: शेरा. गळ्यापुढच्या या शेऱ्यात मानेवर काय आहे आणि ते कशामुळे झालं, हे लिहायचं. 'पंधरा. बारीक पुरळ. कारण: तेल.' 'सोळा. हनुवटीखाली लाल. कारण: उलटी दाढी.' 'साडेसोळा. सोन्याची साखळी, खाली ओळीनं पाच. कारण: साखळी काढत नाही, झोपतानाही नाही.' हे शेवटचे आमच्या बाजारपेठेतले कापडवाले शेठजी. शेठजींना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "अण्णा, माप लिहा की. पंचनामा कशाला लिहिता?"

गळ्याचं माप घेताना टेपच्या आत आपलं एक बोट घालायचं, म्हणजे कॉलर लागली तरी श्वासाला जागा राहते, ही सगळ्याच टेलरांची रीत. अण्णा दोन बोटं घालतात. त्यामुळे त्यांचे शर्ट गळ्यात थोडे सैलच बसतात आणि तरुण पोरं त्यांच्याकडे फिरकत नाहीत. कॉलरला ते बकरमही घालत नाहीत. कॉलर ताठ राहावी म्हणून आत जे कडक कापड घालतात ते बकरम. त्याच्याशिवायची कॉलर दुपारपर्यंत मान टाकते. कोणी हट्ट धरलाच, तर अण्णा त्याची मान पुन्हा एकदा तपासतात आणि स्वच्छ असली तरच, तोंड वाकडं करून, एक पातळ पदर घालतात.

माझी आणि त्यांची खरी ओळख माझ्या मानेमुळे झाली. एकेचाळिसाव्या वर्षी माझ्या मानेवर मुरूम उठले. मराठीत याला तारुण्यपीटिका म्हणतात, त्यामुळे तक्रार करायचीही सोय नाही. मी गुपचूप उपाय केले. टूथपेस्ट लावली, लिंबू चोळलं, बायकोची चेहऱ्याची क्रीम तिच्या नकळत लावली. लिंबाच्या दिवशी तर दुकानात उभं राहवेना. पत्र्याच्या फटीतून आवाज आला, "झेरॉक्स, मान दाखव."

मी म्हटलं, "काही नाही हो, उष्णता आहे."

"उष्नता चुलीत असती. मान दाखव."

त्यांनी उजेड पाडला. बोटानं सात मोजले. मग विचारलं, "गाडीवर येतो ना निरगुडसरवरनं? गळ्याला काय गुंडाळतो?"

"टॉवेल."

"कवा धुतला?"

आता या प्रश्नाला सभ्य उत्तर नव्हतं. तो टॉवेल रोज धूळ खायचा, घाम प्यायचा, दिवसभर खुंटीवर वाळायचा आणि संध्याकाळी पुन्हा माझ्या गळ्यात पडायचा. त्यावर हेल्मेटचा पट्टा. वहीत माझ्या नावापुढे शेरा पडला: 'साडेपंधरा. मागे सात. माणूस चांगला, टॉवेल घाण.'

मग त्यांनी मला मान म्हणजे काय ते शिकवलं. कातडीला बारीक भोकं असतात, आतून तेलकटपणा येतो, मेलेली कातडी आणि घाम त्या भोकांत बसला की तोंड बंद होतं आणि आत पिकायला लागतं. वरून कापड घासत राहिलं की आगीत तेल. "पर मानंवरचं समदंच मुरूम नसतंय, झेरॉक्स," ते बोटांवर मोजत म्हणाले. "उन्हाळ्यात बारीक टोचतं, खाजतं, ते घामोळं. दाढीचा केस वाकडा होऊन आत वळला, मंग फुगला, त्यो केसतोडा. ज्याच्यात पांढरं नायतर काळं तोंड दिसतं, त्यो मुरूम. समद्याला एकच मलम फासनारा गाढव." एवढं सांगून ते मला औषध देतील असं वाटलं, तर नाही. "औषध डॉक्टरकडं. माझ्याकडं कापड हाय." टॉवेल रोज धुवायचा, घाम आला की साध्या पाण्यानं मान धुवायची, घासायची नाही, सुती आणि सैल घालायचं, आणि मंचरला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन यायचं. शेवटचा नियम ते दरडावून सांगत, "आनि फोडायचं न्हाई. उसवलेलं कापड मी शिवून देतो, राव. कातडं न्हाई देत."

डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि दोन-तीन महिने धीर धरायला सांगितलं. मी आठवडाभरातच निराश होऊन तक्रार करू लागलो, तर अण्णा म्हणाले, "तुला शर्ट द्यायला मी दोन महिनं लावतो, तवा गप बसतो का न्हाई?" पुढे माझ्या निळ्या शर्टाच्या कॉलरीला आतून पांढुरके डाग पडले. धोब्याला बोलायला निघालो होतो. अण्णांनी डाग बघितले आणि पहिल्यांदाच खूश झालेले दिसले. "हे मलम कापडाचा रंग खातंय. म्हंजी तू लावतोयस. ह्याच्यापुढं पांढरा शर्ट घाल." तिसऱ्या महिन्यात माझी मान बरी झाली. शेऱ्यावर त्यांनी आडवी रेघ मारली. मला ती रेघ दाखवायला ते मुद्दाम वही घेऊन माझ्या दुकानात आले होते.

हे वेड कधीकधी उपयोगीही पडतं, हे कबूल करावं लागेल. डिंभ्याचा एक मासेवाला शर्ट टाकायला आला. त्याच्या मानेच्या घड्या काळ्या आणि जाडसर झाल्या होत्या. त्याला वाटे मळ आहे. रोज घासणीनं घासून त्यानं मान सोलून काढली होती. अण्णांनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "ह्यो मुरूम न्हाई आनि मळबी न्हाई. ही मखमल हाय." कापडाचा माणूस, त्याला मखमल बोटाला कळणारच. "डॉक्टरीणबाई म्हनल्या व्हत्या, अशी मखमल दिसली की साखर तपासायची." मासेवाल्याची साखर वाढलेली निघाली. तेव्हापासून तो डिंभ्याची एसटी मिळेल त्या दिवशी, म्हणजे आठवड्यातून दोनदा, अण्णांना मासे आणून देतो. अण्णा माळकरी आहेत. ते मासे माझ्या घरी जातात.

आणि पट्ट्याची गोष्ट तर आमच्या अख्ख्या तालुक्यात झाली. आमच्याकडे उसात बिबट्या असतो, हे आता काही सांगायला नको. तो वाकलेल्या माणसाची मान धरतो, म्हणून काही लोक शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालू लागले. आमच्या भावकीतले विठ्ठलदादा रेक्झिनचा पट्टा आणि मूठभर खिळे घेऊन अण्णांकडे आले. "ह्यो जरा शिवून द्या."

"मान खाली."

"अण्णा, पट्टा शिवायचाय. शर्ट न्हाई."

"पट्टा मानंलाच घालनार ना? खाली." उजेड पडला. "आट-धा पुटकुळ्या हायत. ह्याच्यावर रेक्झिन घातलं तर चार दिसांत मान चिघळंल."

"आवो, बिबट्या मान खाईल त्याचं काय?"

"बिबट्या आला तर येईल," अण्णा म्हणाले. "घाम रोजच येनार हाय."

त्यांनी पट्ट्याला आतून मलमलीचं अस्तर लावून दिलं. तेही टिचबटणांचं, रोज काढून धुता यावं म्हणून, आणि असली तीन अस्तरं. विठ्ठलदादा पट्टा हातात घेऊन बघत राहिले. "अण्णा, बिबट्या ह्यो पट्टा काढून स्वताला घालंल," म्हणाले.

इथपर्यंतचे अण्णा सगळ्या घोडेगावाला माहीत आहेत. ते असे का झाले, हे पत्र्याच्या भिंतीमुळे मला माहीत आहे.

मी दुकान टाकलं तेव्हा अण्णांची ख्याती याच्या बरोबर उलटी होती. त्यांच्यासारखी ताठ कॉलर मंचरपासून जुन्नरपर्यंत कोणी शिवत नसे. दुहेरी बकरम, वर खळ, वर कोळशाची इस्त्री. पुढारी सभेला जायच्या आधी येऊन शर्ट घेऊन जात. आणि या कॉलरीची चालतीबोलती जाहिरात म्हणजे त्यांचा मुलगा महेश. नववीत होता. शाळेचा पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं, कॉलर कागदासारखी. सायकलवरून जाताना तो मान वळवू शकत नसे, सगळं अंग वळवायचा.

त्याच वर्षी त्याच्या मानेवर मुरूम आले. त्या वयात येतातच. अण्णांना वाटलं, पोरगा मान नीट धूत नाही. आईला सांगून घासून घेतली. मग एका गिऱ्हाइकानं दिलेली कसलीशी ट्यूब लावली. चार दिवस मान लोण्यासारखी झाली आणि पाचव्या दिवशी दुप्पट उठलं. कॉलर मात्र सैल केली नाही. गॅदरिंगमध्ये महेशचं भाषण होतं, म्हणून नवा शर्ट, नवं बकरम. भाषण करून तो दुकानात आला तेव्हा कॉलरीवर आतून रक्त होतं.

त्या संध्याकाळी पत्र्यापलीकडून अण्णांचा आवाज मी ऐकला. "हालू नको. येक मिंटाचं काम हाय. आतली घान निगाली की बरं वाटंल." सुई मेणबत्तीवर धरून घेतली होती. टेलरच तो, हाताशी सुईच असणार. महेश एकदाच ओरडला. मी माझं काम करत बसलो. मी उठून जायला हवं होतं, हे मला आजही वाटतं, आणि अण्णांचा राग आला होता, तो आजही थोडा येतो.

ते सगळं चिघळलं, ताप भरला. मंचरच्या डॉक्टरीणबाईंनी मान बघून विचारलं, "ही कॉलर कोणी शिवली? आणि सुई कोणी घातली?" दोन्हींचं उत्तर एकच होतं. पुढे वर्षभर अण्णा दर पंधरा दिवसांनी पोराला घेऊन मंचरला जात. तिथे ते बाईंना इतके प्रश्न विचारत, की शेवटी बाईंनी त्यांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. मुरूम गेले. उजव्या कानाखालून मागे एक जाड वण राहिला. काही माणसांची कातडी अशी जाड भरून येते, त्याला इलाज फारसा नाही, असं बाई म्हणाल्या. अण्णांनी दुकानातलं बकरमचं अख्खं ठाण बोहारणीला देऊन टाकलं.

महेश आता चाकणला कंपनीत आहे. गुणी पोरगा. रोज फोन करतो, आईला मिक्सर आणला, अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून दिलं. भांडण असं कधी झालंच नाही. फक्त तो रेडीमेड टी-शर्ट घालतो, गळ्याभोवती रुमाल बांधतो आणि घरात जेवायला बसताना भिंतीला पाठ लावून बसतो. अण्णांना समोरून ओळखू येणारा माणूस जगात एकच आहे, तो महेश. कारण तो त्यांच्याकडे पाठ करतच नाही.

गेल्या दिवाळीनंतर त्याचं लग्न ठरलं. मुलगी डिंगोऱ्याची. महेशनं पुण्याहून शेरवानी भाड्यानं सांगितली, गळाबंद, गळ्याला जरीचं काम. ही बातमी कळल्यावर अण्णा माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा पडला होता.

"जर," ते म्हणाले. "मानंला जर. दिवसभर. घामात."

"तुम्ही सांगा ना त्याला."

"मी कोन्त्या तोंडानं सांगू?"

दुसऱ्या दिवशी शेठजींच्या दुकानातून त्यांनी मऊ पांढरं कापड आणलं. असलं कापड त्यांनी गिऱ्हाइकासाठीही कधी हाताळलं नव्हतं. महेशची छाती, खांदा, बाही हे सगळं नजरेनं ठरवून त्यांनी शर्ट बेतला, शिवला, काजं हातानं केली. कॉलर तेवढी राहिली. बिनकॉलरीचा तो शर्ट दुकानात हँगरला लटकत राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्यांची चौकशी सुरू झाली.

"अण्णा, ह्याची कॉलर कुठाय?"

"माप यायचंय."

"कुनाचं?"

"तुजी मान बघू," असं म्हणून अण्णा विषय बदलत.

एरवी ते रस्त्यावरून जाणाऱ्याचा गळा पाव इंचाच्या फरकानं सांगतात. मी म्हटलं, "नजरेनंच ठरवा की." त्यावर म्हणाले, "समद्यांच्या माना बसत्यात नजरंत, झेरॉक्स. ह्याचीच न्हाई बसत. मला शेरवानी नको म्हनायचं न्हाई, काय न्हाई. मला फकस्त येकदा माप पायजे." लग्नाला तीन आठवडे राहिले होते. महेश दर रविवारी यायचा, हँगरखाली उभा राहून चहा प्यायचा आणि जायचा. शर्टाबद्दल त्यानं विचारलं नाही आणि अण्णांनी सांगितलं नाही.

याच सुमारास अण्णा वही घेऊन आले. पानं सुटायला लागली होती. "समद्याची झेरॉक्स काढ. पर वाचू नको." झेरॉक्सवाल्याला असं सांगणं म्हणजे हलवायाला पेढ्याचा वास घेऊ नको म्हणण्यासारखं आहे. मी पहिल्या पानापासून वाचलं. अर्ध्या तालुक्याच्या माना त्यात होत्या. आमदारकीला उभा राहिलेला एक जण होता, 'घाबरला की घाम फार'. मी स्वतः होतो, आडव्या रेघेसकट.

आणि दर दिवाळीला महेश होता. छाती, बाही, उंची, सगळं वाढत गेलेलं, नजरेनं टिपलेलं. गळ्याचा रकाना कोरा. चौदा दिवाळ्या, चौदा कोरे रकाने. सगळ्यात पहिल्या कोऱ्या रकान्यापुढे शेऱ्यात एवढंच लिहिलं होतं: 'कारण: मी.' त्याखालच्या दिवाळ्यांना नुसती 'वरीलप्रमाणे'ची खूण केलेली होती.

मी मशीनचं झाकण पुन्हा उघडलं. मग महेशच्या नोंदी असलेल्या पानांची एक-एक प्रत जास्त काढली.

पुढच्या रविवारी महेश माझ्याकडे आधारच्या झेरॉक्स काढायला आला, लग्नाच्या नोंदणीसाठी. मी आधारच्या प्रतींखाली ती पानं ठेवून सगळं एकत्र त्याच्या हातात दिलं. हा चोंबडेपणा होता. माझ्या धंद्यात दुसऱ्याचा कागद तिसऱ्याला दाखवणं हे पाप आहे आणि मी ते जाणूनबुजून केलं.

महेशनं कागद मोजायला घेतले. खालच्या पानावर थांबला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, शेवटच्यापर्यंत गेला, मग परत पहिल्यावर आला. "हे कोनी..." एवढं म्हणाला. कागदांची घडी घालून खिशात ठेवली. आधारच्या प्रती काउंटरवरच विसरून तो शेजारच्या दुकानात गेला. मी प्रती द्यायच्या निमित्तानं मागोमाग गेलो.

"अण्णा, माप द्यायचंय," महेश म्हणाला. "शेरवानी नको म्हनून कळवतो."

अण्णांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. गळ्यातला टेप काढला, पुन्हा गळ्यात घातला, पुन्हा काढला. छाती मोजली, खांदा मोजला, बाही मोजली. ही तिन्ही मापं हँगरवरच्या शर्टात आधीच शिवलेली होती. तरी ते मोजून मला सांगत होते आणि मी वहीत लिहीत होतो.

मग महेश रस्त्याकडे तोंड करून वळला. गळ्याचा रुमाल त्यानंच सोडला आणि मान खाली घातली. "मान खाली" हे शब्द त्या दिवशी अण्णांना म्हणावे लागले नाहीत. मोबाइलचा उजेडही त्यांनी पाडला नाही. दिवसाउजेडी वण स्वच्छ दिसत होता, जाड, थोडा चकचकीत, कानाखालून मागे गेलेला.

अण्णांनी टेप फिरवला आणि आत दोन बोटं घातली. ती वणावरच आली.

"दुखतंय का रं?"

"न्हाई, अण्णा. आता न्हाई दुखत."

एसटी आली, गेली. हॉटेलातला भजीवाला झारा हातात धरून बघत होता. अण्णांची बोटं तिथून हलली नाहीत. मी दोनदा "किती?" विचारलं.

"साडेपंधरा," ते म्हणाले. आवाज एवढा बारीक होता की मला पुन्हा विचारावं लागलं.

मी गळ्याच्या रकान्यात साडेपंधरा लिहिलं. "आणि शेरा?"

अण्णांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली. महेश रुमाल खिशात कोंबत म्हणाला, "कॉलर जरा कडक करा. लगीन हाय."

"तू गप. कॉलरीतलं तुला काय कळतंय," अण्णा म्हणाले आणि आमच्याकडे पाठ करून वहीवर वाकले. बराच वेळ लागला त्यांना. मग वही मिटून माझ्याकडे दिली. "हे नवं पान झालं. ह्याचीबी काढून ठेव. आनि वाचू नको."

मी दुकानात येऊन झाकण उघडलं. महेश, गळा साडेपंधरा. शेऱ्यात अण्णांच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'दुखत नाही म्हणाला.'